केसरबाईचे भरले हात

आमच्या दवाखान्यात मला सगळे घाबरतात आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. जंतुसंसर्ग पसरू नये हे बघायचं काम माझ्याकडे आहे. कोणी हात धुतले, कोणी नुसते ओले केले, कुठल्या खाटेवरची चादर कुठल्या पिशवीत गेली, कोणाचा मेव्हणा चपलांसकट कुठवर घुसला, हे बघत फिरायचं आणि ज्याला त्याला टोकायचं. मागून मला काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी रोज पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला येते. बसमध्ये जागा मिळाली की हातातल्या बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकते आणि परतताना पुन्हा चढवते, कारण सासूबाईंना रिकामे हात खपत नाहीत. "पुष्पा, हात कसे दिसून राहिले तुये," म्हणतात आणि तोंड फिरवून बसतात. त्यामुळे बांगड्यांचं प्रकरण आपल्याला पुरतं कळलेलं आहे, असा माझा समज होता. तो केसरबाईनं मोडला.

केसरबाई बोरगावची. घरी थोडा संत्र्याचा बगीचा, बाकी कापूस. बाई काटक, रंगानं सावळी, बोलायला फटकळ. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा हात कधी कोणी मोकळा पाहिला नव्हता. कापूस वेचताना बोंडाच्या टोकाला लागून बांगडी गेली, तर सौंसरच्या बाजाराची वाट न बघता ती त्याच दिवशी नवी भरून यायची. नवरा पुंडलिकराव तिला चिडवायचे, की तुझ्या बांगड्यांवर शकुबाई कासारणीनं घर बांधलं. त्यावर ती म्हणायची, "बांधू द्या. तुमच्या तंबाखूवर त्या पानठेल्यावाल्यानं दोन बांधले."

मग पुंडलिकरावांची नजर शुगरनं गेली. आधी पेपरातली अक्षरं गेली, मग झाडावरची संत्री, मग माणसं. आणि तेव्हापासून केसरबाई दोन्ही हातांत आधीपेक्षा जास्तच बांगड्या भरू लागली. गावातल्या बायकांना वाटलं, नवऱ्याला दिसत नाही आणि हिला म्हातारपणी हौस सुचली. खरं कारण तिनं मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून सांगितलं.

"त्यायले समजलं पाह्यजे ना जी, मी कोठी हाय ते."

अंगणात खाटेवर बसून तो माणूस बायकोचा सगळा दिवस ऐकायचा. कणीक भिजवतानाचा आवाज वेगळा, झाडतानाचा वेगळा, म्हशीला बांधतानाचा वेगळा. आज कोणावर राग आहे हेसुद्धा त्यांना बांगड्यांवरून कळायचं म्हणे. आवाज बराच वेळ आला नाही तर ते हाक मारायचे, "केसर, हाय का?" आणि ती जिथं असेल तिथून नुसता हात हलवायची. बोलायची गरज पडायची नाही.

मागच्या हंगामात वावरात चालताना कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट त्यांच्या पायात घुसला. शुगरनं पाय बधिर, त्यांना काही समजलंच नाही. समजलं ते वास यायला लागल्यावर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन बोटं काढावी लागली, आणि जखमेत असा एक जंतू निघाला की नेहमीची औषधं त्याला काहीच करत नव्हती. पुढची इंजेक्शनं आणि ड्रेसिंग घराजवळ होऊ द्या म्हणून तिथून त्यांना आमच्याकडे पाठवलं. मी त्यांना पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत ठेवलं. एकट्याला. दारावर पिवळा कागद लावला. त्या खोलीचं बीपीचं मशीन वेगळं, थर्मामीटर वेगळा, पोछा वेगळा. आत जायचं तर हात धुवायचे, गाऊन घालायचा, हातमोजे चढवायचे. बाहेर यायच्या आधी सगळं तिथंच काढून टाकायचं आणि पुन्हा हात धुवायचे. घरचं एकच माणूस सोबत राहील, असं मी सांगून टाकलं.

ते माणूस म्हणून केसरबाई आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात जामसांवलीच्या हनुमानाचा शेंदूर, आणि दोन्ही हात मनगटापासून वर हिरव्यागार काचेनं भरलेले. मी दारात आडवी झाले.

"शेंदूर दाराच्या चौकटीला बाहेरून लावा. डबा माझ्याकडे द्या. आणि बांगड्या काढाव्या लागतील."

"कोणाच्या?" तिनं विचारलं.

"तुमच्या. आत जायचं तर कोपराच्या खाली काही नको. बांगडी नको, अंगठी नको, दोरा नको."

तिनं डबा खाली ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाली, "नवरा जिता हाय माया. तुमी काय बोलून राहिल्या, तुमाले समजते का?"

समजत होतं. आपल्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि मी भर दुपारी, आजारी नवऱ्याच्या खोलीच्या दारात उभी राहून, बाईला 'काढा' म्हणत होते. तिचा मुलगा गजेंद्र बोरगावच्याच एका कारखान्यात कामाला आहे. तो मध्ये पडला. "सिस्टर, दोन-दोन तरी राहू द्या." हातमोज्यांची जोडी केसरबाईच्या हातात दिली आणि म्हटलं, चढवा बांगड्यांवरून. तिनं ओढले आणि मनगटापाशी टर्रकन फाटले. तिनं ते फाटकं रबर उलटंपालटं करून पाहिलं.

"तुमचे मोजे कच्चे हाय," ती म्हणाली.

मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. हा जंतू हवेतून उडत येत नाही, हातावर बसून येतो. बांगडीखाली साबण नीट पोचत नाही, तिथं तो दबा धरून राहतो. भिंतीपलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड आहे. आणि तुमच्या घरी गजेंद्रची दोन महिन्यांची पोरगी तुमच्याच मांडीवर झोपते. नातीचं नाव निघाल्यावर केसरबाईची मान खाली गेली. बराच वेळ ती हातातल्या बांगड्या एका बाजूला सारत राहिली.

"मंग मी बाहीरच बसते," ती म्हणाली. "गजेंद्र राहीन अंदर."

तो नियम बरोबर होता. आजही कोणी आलं तर मी तेच सांगेन, आणि तितक्याच वाईट तोंडानं सांगेन.

केसरबाई दाराबाहेरच्या बाकावर बसली ती बसलीच. वॉर्डाच्या गलक्यात बोलणं दाराआडून नीट पोचायचं नाही, पण बांगड्या पोचायच्या. ती दाराच्या फटीशी हात नेऊन हलवायची, आणि आत पुंडलिकरावांची मान उशीवरून दाराकडे वळायची. मग ते गजेंद्रला सांगायचे, "तुय्या मायनं चहा घेतला नाही वाटते. हळू वाजवून राहिली." गजेंद्र बाहेर येऊन विचारायचा, आणि खरंच घेतलेला नसायचा. मी काहीतरी निमित्त काढून त्या दारापाशी घुटमळायची. सरळ सांगते, मला हेवा वाटायचा. मी नवी साडी नेसले तर आमच्या घरी ती दोनदा सांगावी लागते, तेव्हा कुठं नवऱ्याची मान मोबाइलमधून वर येते.

पण बाहेरून वाजवणं आणि जवळ बसणं यात फरक आहे. तो तिला रोज जास्त जाणवायला लागला. दाराच्या काचेतून तिला सगळं दिसायचं. त्यांच्या ओठांना कोरड पडली आहे, पांघरूण सरकलं आहे, गजेंद्र घास फार मोठा करतो आहे. ती काचेला बोट लावून पुटपुटायची, "लहान कर रे, लहान कर." चाळीसेक वर्षं ज्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण तिनं सारखं केलं, तो पाच हातांवर होता आणि तिचा हात तिथं पोचत नव्हता. एकदा मला म्हणाली, "सिस्टर, भूक लागल्यावानी हात करून राहिले माये." हात धुवून घ्या, म्हटलं.

मग ताप चढला. पुंडलिकराव बडबडायला लागले, ड्रेसिंग ओढायला लागले. गजेंद्रच्या हातून काही खाईनात. केसरबाईनं दाराशी हात हलवला, मान वळली नाही. तिनं आणखी जोरात हलवला. वॉर्डातले पेशंट उठून बसले, एक जण कुरकुरला. मान वळली नाही. ती काचेसमोर उभी राहून बांगड्या वाजवत राहिली. शेवटी मीच तिचा हात धरला.

"आयकू येत नाही त्यायले," ती म्हणाली. "आता हातच लावा लागते." मग बाकावर बसली आणि गजेंद्रला म्हणाली, "शकुबाईले बोलाव. तिच्याशिवाय कोणाच्या हातून काढत नाही मी."

शकुबाई कासारीण बाजारातलं दुकान टाकून आली. काय करायचं ते कळल्यावर ती आधी माझ्यावर उखडली, मग केसरबाईवर, मग पदराला डोळे पुसून कामाला लागली. व्हरांड्यातल्या नळाशी साबणाचा फेस केला, केसरबाईचा हात मांडीवर घेतला आणि पंजाची हाडं दाबून एकेक बांगडी अशी उतरवली की पाहत राहावं. भरणारा हातच उतरवत होता. "एकबी वाढू देत नाही, घाबरू नको," ती सारखी म्हणत होती. एकही वाढली नाही. सगळ्या उतरल्यावर मनगटांवर वर्षानुवर्षांचे फिकट वळ उघडे पडले, आणि केसरबाईनं दोन्ही हात पटकन पदराखाली घेतले. पेशंटांच्या सोबतीला आलेल्या बायका इकडेच बघत होत्या.

शकुबाईनं कमरेच्या पिशवीतून हळदीचा दोरा काढला. मी काही म्हणायच्या आतच तिनं विचारलं, "कोपराच्या वर चालते का तुमच्या कायद्यात?"

"कोपराच्या वर काहीही बांधा," मी म्हटलं.

तिनं दोरा केसरबाईच्या दंडाला बांधला आणि ब्लाउजच्या बाहीत खोचून दिला. मग मी केसरबाईला हात धुवायला शिकवलं, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, मनगट. गाऊन घातला, मोजे चढवले. ते फाटले नाहीत. मी तिच्या मागोमाग आत गेले.

ती खाटेशी गेली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. पुंडलिकरावांनी डोळे उघडले. त्यांचा काही उपयोग नव्हता, पण उघडले.

"कोण?"

"मी."

ते ऐकत राहिले. तिनं पांघरूण सारखं केलं, उशी सरळ केली, पाण्याचा चमचा त्यांच्या ओठाला लावला. खोलीत कसलाही आवाज नव्हता. पाणी गिळून ते म्हणाले, "केसर, हात मोकळे हाय तुये?"

तिनं पाण्याचा दुसरा चमचा पुढे केला.

"मंग मी गेलो म्हना," ते म्हणाले. बस सुटली का विचारावं तसं म्हणाले. "कवा गेलो?"

केसरबाई त्यांच्या कानाशी वाकली. "नाही जी. तुमी हाय. मीबी हाय. ह्या सिस्टरनं काढाले लावल्या."

त्यांनी जरा विचार केला. "सिस्टरबी मेली का?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "मला संध्याकाळची पांढुर्ण्याची बस पकडायची आहे."

त्यांच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला, मोज्यावरून मनगट धरलं आणि म्हणाले, "रबर हाय." पण सोडलं नाही. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी वरणभात खाल्ला. लहान लहान घास.

त्यानंतर रोज तसंच. ताप उतरला की त्यांना सगळं आठवायचं, चढला की विसरायचे, आणि ती आत पाऊल टाकून जवळ येईस्तोवर त्यांना कळायचंच नाही की कोणी आलं आहे. पुन्हा तोच प्रश्न, मी गेलो का? आणि पुन्हा तेच उत्तर, नाही जी, तुमी हाय. तिला कंटाळा कधी आला नाही. पण गाऊन उतरवून, हात धुवून बाहेर आली, की ती बाकावर बसून आपली मनगटं चोळत बसायची. "साऱ्या दुनियेचं आयकू येते त्यायले," मला म्हणाली, "पाण्याची मोटर, तुमच्या गाडीचं चाक. मायं येणं तेवढं आयकू येत नाही." शुद्धीत असले की ते सांगायचे, "छुट्टी झाली का पह्यले हात भर. घरी शिराच्या आंधी भर." ती हो म्हणायची. दोघं मिळून घराचंच बोलायची. अंगण, खाट, म्हैस, बगीच्यात आता आंबिया बहाराला फूल आलं असेल. घर बसनं अर्ध्या तासाच्या आत होतं आणि दोघांना ते कुठल्या कुठं गेल्यासारखं झालं होतं.

छुट्टी झाली नाही. जंतू रक्तात उतरला. पुन्हा नागपूरला न्यायची तयारी चालू असताना, पहाटे पुंडलिकराव गेले. केसरबाई आत होती, तिचा हात त्यांच्या हातात होता, मोज्यासकट. मला गजेंद्रचा फोन आला. रडत रडत त्या पोरानं विचारलं ते हे, की सिस्टर, आंघोळ घालायची तर काय काळजी घ्यायची? मी सौंसरला न उतरता तशीच बोरगावला गेले. जखमेवरची पट्टी सोडू नका, वरून प्लास्टिक गुंडाळा, आंघोळ घालणाऱ्यांनी मोजे घाला, मग साबणानं हात धुवा, लहान पोरीला आज शेजारी ठेवा, हे सगळं उभं राहून करून घेतलं. लोकांनी ऐकलं.

मग बायका केसरबाईकडे वळल्या. तिला पाटावर बसवलं आणि सगळ्या थबकल्या. फोडायला हातात काही नव्हतंच. भाऊराव नावाच्या थोरल्या दिराची बायको तिथं मोठी होती. ती दुसरीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा जिता असताना हात मोकळे करून बसली. मंग काय होईन?" माझं डोकं फिरलं. जंतूला बांगड्या दिसत नाहीत बाई, तो रक्तात गेला म्हणून हा माणूस गेला, आणि ही बाई हात रिकामे करून आत गेली म्हणून तो उपाशी गेला नाही. हे सगळं तोंडावर आलं होतं. केसरबाईनं माझा पदर ओढला. "राहू द्या," म्हणाली.

मोठीनं ठरवलं, रीत रीतीप्रमाणे झाली पाहिजे. आधी हात भरायचे, मग फोडायचे. शकुबाई आलेलीच होती. तिनं पिशवी उघडली, हिरव्या काढल्या आणि केसरबाईचा हात हातात घेतला. रीतीपुरत्या दोन-दोन भरून ती थांबली.

"अजून भर," केसरबाई म्हणाली.

"कायले व, आता फोडाच्याच हाय तर," कोणीतरी म्हणालं.

"भर तू."

शकुबाई भरत राहिली. पूर्वी असायच्या तितक्या झाल्या तेव्हाच केसरबाईनं हात मागे घेतला. मोठी जाऊ दगड घेऊन पुढे झाली. केसरबाई पाटावरून उठली, बायकांना बाजूला सारून अंगणात गेली आणि पुंडलिकरावांच्या डोक्याशी बसली. वाकून दोन्ही हात त्यांच्या कानाशी नेले आणि हलवले. थांबून पुन्हा हलवले. बायका तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मोठीनं तिच्या खांद्याला हात लावला.

"थांबा जराशा," केसरबाई म्हणाली. "आयकू द्या त्यायले."